अकरा मिनिटे चाळीस सेकंद

कल्याण (प.)
रविवार, १४ सप्टेंबर १९९७

चि. उत्तरा हिस,
सप्रेम जयभीम.

तुझी आई दर पंधरा दिवसांनी कळव्याला येऊन तुला भेटून जाते, हे मला माहीत आहे. मला ती 'मंडईत जाते' म्हणून सांगते आणि रिकामी पिशवी घेऊन परत येते. मी विचारत नाही. तू माझ्याशी बोलत नाहीस म्हणून तिनेही तुझ्याकडे जाऊ नये, एवढा मी हलका नाही.

हे पत्र भांडायला लिहीत नाही. गेल्या आठवड्यात आपल्या रक्तदाते मंडळाचे प्रभाकरराव म्हणाले, ठाण्यात तुझे यजमान भेटले होते. बोलता बोलता कान्हा म्हणाले, "काय करणार, अप्पांचं मशीन सुरूच झालं नाही ना त्या दिवशी." रागाने नाही, सहज म्हणाले. तरी ते वाक्य चूक आहे. मशीन सुरू झालं. सुरू न होणं आणि उशिरा सुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोहन्याच्या कारखान्यात टाइम ऑफिसला, कामगारांच्या हजेरीच्या वेळा नोंदण्यात, एकवीस वर्षं काढलेला माणूस हा फरक सोडून देऊ शकत नाही.

म्हणून नोंद कागदावर असावी. तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहितो, कारण अर्धी नोंद ही नोंदच नव्हे.

बुधवार, ९ जुलै. तुझी नणंद शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी कळव्याला आलेली. दिवस भरायला तीन आठवडे असताना पहाटे कळा सुरू झाल्या. सहाच्या सुमारास ठाण्याच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि रक्तस्राव थांबेना. शेवंतीचं रक्त बॉम्बे ग्रुपचं, हजारो माणसांत एखाद्याचं असतं तसलं. त्याला ओ ग्रुपही चालत नाही, त्याच ग्रुपचा माणूस लागतो. तुला जे दोन दाते तोंडपाठ होते त्यांना तू फोन केलास. एकाने तीन आठवड्यांपूर्वीच रक्त दिलं होतं, दुसऱ्याने घर बदललं होतं. तिसरा, टिटवाळ्याचा सखाराम, मेमध्ये नव्याने नोंदलेला. त्याचा नंबर फक्त मशीनमध्ये, म्हणजे मंडळाच्या संगणकावरच्या यादीत. म्हणून तू डोंबिवलीला मंडळाच्या खोलीत फोन केलास. त्या दिवशी मी तिथे होतो. सात वाजून छत्तीस मिनिटांनी वीज गेली होती, एक्केचाळीसला आली. सखारामच्या शेजाऱ्यांकडे आमचा फोन सात छप्पन्नला लागला. शेजारीण म्हणाली, सायकल काढून पाच-सहा मिनिटं झाली. सखाराम रेल्वेच्या गँगमध्ये. एकदा रुळांवर गेला की संध्याकाळपर्यंत त्याला निरोप नाही. तो दवाखान्यात पोचला संध्याकाळी सातला. शेवंती सव्वासहाला गेली होती.

आता मशीनबद्दल.

त्यावर कोणती सिस्टिम ठेवायची हे मी कुणाच्या ऐकीव सांगण्यावरून ठरवलेलं नाही. फेब्रुवारीपासून नऊ रविवार त्यात घातले. प्रत्येक सिस्टिम पाच वेळा सुरू केली, दर वेळी मशीन दहा मिनिटं बंद ठेवून. पाचांतली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळ टाकून दिली, उरलेल्या तिन्हींची सरासरी घेतली. डॉस एकोणीस सेकंदांत तयार. डॉसवरून विंडोज तीन-अकरामध्ये चढायला एकूण बेचाळीस. मासिकाबरोबर सीडीवर आलेली लिनक्स अठ्ठावन्न सेकंदांत नाव विचारते, पण पुढे काय करायचं ते आपल्याकडे कुणाला माहीत नाही. ओएस-टू दोन मिनिटं अठरा. विंडोज पंच्याण्णवचं चित्र दिसतं एक मिनिट बाराला. पण चित्र दिसलं म्हणजे सिस्टिम सुरू झाली असं नाही, वाळूचं घड्याळ तसंच असतं. ते जाऊन बाण येईपर्यंत एक मिनिट एकोणपन्नास. मधले सदतीस सेकंद कुठलाही दुकानदार सांगत नाही. मी मोजले.

डॉस सर्वांत जलद, हे मी लपवलेलं नाही. तरी विंडोज पंच्याण्णव निवडली, कारण दोन कामं एकदम उघडी ठेवता येतात आणि आडनाव अर्धं आठवलं तरी माणूस सापडतो. वीज जाऊन मशीन मध्येच बंद पडलं, तर ही सिस्टिम पुढच्या वेळी सुरू होण्याआधी डिस्क तपासते. तो दोष नाही, शहाणपणा आहे. अशा वेळी बटण दाबल्यापासून यादीतलं पहिलं नाव दिसेपर्यंत अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागतात. म्हणजे मशीन आपल्या नियमानेच वागलं.

एवढं कान्हांना समजावून सांगशील अशी अपेक्षा आहे.

शेवंतीच्या बाळाला खोकला झाल्याचं कळलं. म्हणजे तुझ्या आईच्या तोंडून निसटलं. आता कसं आहे?

तुझा,
अप्पा


कल्याण
रविवार, ५ ऑक्टोबर १९९७

चि. उत्तरा,
सप्रेम जयभीम.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. पत्र पोचलं हे नक्की; तुझ्या आईने पाहिलं म्हणे, तुमच्या देवळीत ठेवलेलं. फोडलेलं होतं की नाही ते तिला विचारलं, तर म्हणाली, "मी काय तिकडे तुमची पत्रं तपासायला जाते?"

मी काय लिहिलं होतं ते तिला वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "अहो, त्या घरातली पोर गेली, आणि तुम्ही त्यांना सेकंद लिहून पाठवलेत?"

मी म्हटलं, "शालन, आकडे बरोबर आहेत."

"असतील. तुमचे आकडे कधी चुकलेत? लग्नात माझ्या मामाला तुम्ही सांगितलंत, तुम्ही अठरा मिनिटं उशिरा आलात. अठराच होती. तो अजून बोलत नाही आपल्याशी."

तुझा राग शेवंतीच्या आधीचा आहे, हे मला कळतं. कार्डांचा आहे. चपलांच्या दोन खोक्यांत तू सहा वर्षं ठेवलेली चारशे बारा कार्डं. प्रत्येकावर तुझ्या अक्षरात ग्रुप, पत्ता, मागे पेन्सिलीने काय काय. 'शेजारच्या कुलकर्णीबाईंचा फोन, पण दुपारी दोन ते चार झोपतात.' 'रात्रपाळी असली तर बायकोला सांगावे, ती उठवते.' 'सुई बघून चक्कर येते, गप्पा मारत राहावे.' तू लग्न होऊन कळव्याला गेलीस, मी सगळी नावं मशीनमध्ये भरली. ग्रुप, पत्ता, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं, एवढे चार रकाने. मागची पेन्सिल भरली नाही. तिला रकाना नव्हता. खोकी एप्रिलमध्ये रद्दीत दिली, कारण दोन ठिकाणी यादी असली की दोन्हींत फरक पडत जातो आणि खरी कुठली ते कळत नाही. कारखान्यात आम्ही असंच शिकलो.

तुला न विचारता दिली. हे चुकलं. त्या दिवशी तू एवढंच म्हणालीस, "अप्पा, सगळ्या सिस्टिमी मोजल्यात. खोक्याचं झाकण उघडायला किती सेकंद लागतात ते मोजलंत का?" प्रभाकरराव हसले म्हणून मला राग आला. मी म्हटलं, "झाकण उघडणं म्हणजे सुरू होणं नव्हे." तू म्हणालीस, "नाव हातात पडणं म्हणजे सुरू होणं. तुम्ही बाणापर्यंत मोजता, मी माणसापर्यंत मोजते."

तुझी व्याख्या बरोबर होती. म्हणून तर त्या पत्रातला शेवटचा आकडा मी पहिलं नाव दिसेपर्यंतचा दिला. तुझ्या लक्षात आलं असेल.

आणखी एक लिहून टाकतो. विंडोज पंच्याण्णव निवडण्याची जी कारणं मी दिली ती खरी आहेत, पण सगळी नाहीत. चौदा एप्रिलला उद्घाटन होतं. वस्तीतली माणसं येणार, नगरसेवक येणार. मार्चमध्ये मी दोघातिघांना डॉसवर यादी दाखवली तर एक जण म्हणाला, "हे तर रेल्वेच्या खिडकीत असतं तसलंच." मग विंडोज दाखवली, निळं आभाळ, ढग. सगळे पुढे झाले. एकाने विचारलं, "सकपाळसाहेब, कुठे शिकलात?" आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी साहेब म्हटलं. मी सांगितलं, कुठेही नाही, शब्दकोश शेजारी ठेवून मॅन्युअल वाचलं. ते खरंच होतं. अकरावीपर्यंत शिकलेल्या माणसाने सहाशे पानांचं मॅन्युअल वाचलं होतं.

एकोणीस सेकंदांच्या जागी एक मिनिट एकोणपन्नास. नव्वद सेकंद मी त्या ढगांना दिले. पण नव्वद सेकंदांनी काही बिघडलं नसतं, हेही मी हिशोब करून पाहिलं आहे.

खोकला कसा आहे? दोन ओळी टाक.

अप्पा


कल्याण
सोमवार, २० ऑक्टोबर १९९७

चि. उत्तरा,

तुझं पोस्टकार्ड शनिवारी मिळालं. एकच ओळ आहे: 'अप्पा, अकरा मिनिटे चाळीस सेकंद हे तुम्हाला कसे कळले?'

खाली सही नाही, पण अक्षर ओळखायला सही लागत नाही.

कसं कळलं म्हणजे मोजलं म्हणून कळलं. नंतर मोजलं. तुला ठाऊक आहे, माझ्याकडे एखादी गोष्ट तपासायची राहिली की मला चैन पडत नाही. जुलैच्या शेवटी मी मंडळाच्या खोलीत गेलो आणि मुद्दाम, मशीन चालू असताना, भिंतीवरचं बटण बंद केलं. मग चालू केलं. पाच वेळा. प्रत्येक वेळी डिस्क तपासली गेली. कमीतकमी आणि जास्तीतजास्त सोडून सरासरी काढली, ती अकरा चाळीस.

वीज गेल्यावर काय होतं ते मी आधी, त्या नऊ रविवारी, तपासायला हवं होतं हे मान्य. कल्याण-डोंबिवलीत राहून ते सुचलं नाही. मी मशीन नेहमी पद्धतशीर बंद करतो, त्यामुळे बंद न करता बंद होणं माझ्या तक्त्यात आलंच नाही. ही उणीव तक्त्याची आहे, म्हणजे माझीच.

सरासरी, म्हणजे काही वेळा बारा, काही वेळा


(इथे तुझी आई पाणी भरायला हाक मारत होती म्हणून थांबलो. पुढे लिहायचं सुचत नाही. एवढंच पाठवतो.)

अप्पा


कल्याण
बुधवार, २२ ऑक्टोबर १९९७

उत्तरा,

परवाच्या पत्रात खोटं लिहिलं. पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत कळलं की तू ते ओळखणार. पाच वेळा मुद्दाम वीज बंद केलीच नाही. मशीनला मी तसं कधीच वागवणार नाही, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. अकरा चाळीस ही सरासरी नाही. एकदाच मोजलं. ९ जुलैला सकाळी.

तू फोन केलास तेव्हा मी नुकतंच बटण दाबलं होतं, सात चव्वेचाळीसला. दाबताना स्टॉपवॉच लावलं. हात आपोआप गेला. तुझा आवाज ऐकल्यावरही मी ते थांबवलं नाही. तू म्हणालीस, "अप्पा, शेवंतीला रक्त लागतंय, टिटवाळ्याच्या सखारामचा नंबर द्या." मी म्हटलं, "सुरू होतंय, दोन मिनिटं." तू परत केलास. मी परत तेच म्हटलं. चार वेळा केलास. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, "अप्पा, मी इथे सगळ्यांना सांगितलंय तुमच्या यादीत आहे म्हणून." आणि तेव्हा माझ्या डाव्या हातात फोन होता आणि उजव्या हातात स्टॉपवॉच.

यापुढचं तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, प्रभाकररावांशिवाय, आणि त्यांनी आजपर्यंत ते तोंडातून काढलं नाही.

डिस्कची तपासणी दोन भागांत होते. पहिला भाग एक मिनिट पाच सेकंदांत संपला. त्यात काही बिघाड निघाला नाही. मग पडद्यावर प्रश्न आला. इंग्रजीत असतो, पण सोपा: डिस्कचा पृष्ठभागही तपासायचा आहे का? खाली दोन शब्द, हो आणि नाही. आणि वर लिहिलेलं की याला सुमारे नऊ मिनिटं लागतील.

मी ते वाचलं. नऊ मिनिटं. वाचलं होतं.

प्रभाकरराव माझ्या मागे उभे होते. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, संगणकाला आजवर हात लावलेला नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग नाही म्हणा की. आधी पोरीचं काम होऊ दे, तपासणी संध्याकाळी करू."

मी म्हटलं, "असं अर्धवट सोडून चालत नाही. उद्या यादीच गेली तर?"

ते म्हणाले, "एक नाव तर पाहिजे हो."

मी म्हटलं, "प्रभाकरराव, तुम्हाला यातलं काय कळतं?"

आणि 'हो' दाबलं.

नंतर मधूनही थांबवता आलं असतं. त्यालाही एक कळ असते, पडद्याच्या तळाशी लिहिलेली असते. मी पट्टी सरकताना बघत बसलो. का, ते सांगता येत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की वीज गेल्यावर संपूर्ण तपासणी करावी. मी ते मॅन्युअल एकट्याने वाचलेलं. ज्याला शिकवायला कुणी नव्हतं त्याला कुठली ओळ सोडून द्यायची हे कुणी सांगितलेलं नसतं. पण हे मी माझ्या बाजूने बोलतोय. प्रभाकररावांनाही कुणी शिकवलं नव्हतं, त्यांना कळलं.

हिशोब केला आहे. 'नाही' दाबलं असतं तर एक मिनिट पाच, मग सुरू व्हायला एक एकोणपन्नास, यादी उघडायला अर्धं मिनिट. तीन मिनिटं चोवीस सेकंद. सात वाजून सत्तेचाळीस मिनिटं. मी ऑगस्टमध्ये टिटवाळ्याला जाऊन आलो. सखारामला विचारलं, त्या दिवशी घरातून किती वाजता निघालास? तो म्हणाला, "पन्नासला. रोज पन्नासलाच निघतो साहेब, डबा भरायला बायकोला तेवढाच वेळ लागतो." सत्तेचाळीसला तो उंबऱ्याच्या आत होता.

त्याचं रक्त पोचलं असतं तर शेवंती वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, एका बाटलीने भागलं असतं असं नाही. मी पुन्हा विचारलं, टक्क्यांत तरी? ते माझ्याकडे बघतच राहिले.

पहिल्या पत्रात मी तो आकडा का लिहिला, हे मला आता कळत नाही. न लिहिता चाललं असतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मशीनचा दोष नव्हता असं मी कान्हांना सांग म्हणून लिहिलं होतं. ते खरंच आहे. मशीनने विचारलं होतं.

तू काही लिहू नकोस. मीच येऊन कान्हांना आणि तुझ्या सासूबाईंना, आवडाबाईंना, सांगणार आहे. तेवढं धाडस गोळा करतोय.

अप्पा


कल्याण
रविवार, ७ डिसेंबर १९९७

उत्तरा,

गेल्या रविवारी मी तुमच्याकडे येऊन गेलो. तू बराच वेळ आत होतीस, म्हणून ओट्यावर काय झालं ते तुला ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही. लिहितो.

गाडीत मी वाक्य पाठ करत आलो. 'मी एक कळ चुकीची दाबली, त्यात नऊ मिनिटं गेली.' दुसरं वाक्य तयार नव्हतं. एवढ्यावर ते मारतील नाहीतर हाकलतील, पुढचं आपोआप होईल असं वाटलं.

तुझ्या सासूबाई सुकत घातलेली मासळी उलटत होत्या. मला बघून उठल्या, हात पदराला पुसले. "या, बसा. उत्तरा, तुझा बाबा आयलाय गो!" तू आलीस, माझ्याकडे पाहिलंस, पाणी ठेवलंस आणि आत गेलीस. मी तोंड उघडलं. त्याआधी त्याच बोलायला लागल्या.

"तुमी त्या दिवशी लय धावपल केलीव. मना उत्तरानी सगला सांगितला. लाईट नाय, काय नाय, तरी तुमी त्या मशिनीपुढून उठला नाय. परक्याच्या पोरीसाठी कोन करतो एवरा?"

मी म्हटलं, "आवडाबाई, तसं नाही. मी—"

"असू द्या. माजी शेवंती नशिबात नव्हती. पन मानसा पाठीशी होती तिच्या, येवरा मना कलला. नायतर मी उभी रायली नसती."

आणि आत जाऊन बाळाला आणून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. पाच महिन्यांचं. माझ्या शर्टाचं बटण धरून बसलं. हात मोकळे असतानाही मला ते सोडवता आलं नाही. मी चहा घेतला. वाक्य पाठच होतं. ते बाहेर आलं नाही.

निघालो तेव्हा तू नाक्यापर्यंत आलीस. तू बोललीस ते शब्दशः लिहितो. चुकत असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालीस, "सांगायला आला होतात ना?"

मी म्हटलं, "हो. जमलं नाही. पुढच्या रविवारी येतो."

"नका सांगू."

"अगं, पण त्यांना माहीत असायला हवं."

"कशाला? तुम्ही सांगून मोकळे व्हाल. त्या काय करतील? सगळ्यांनी जिवाचं रान केलं असं वाटतं त्यांना, तेवढ्यावर त्या जेवतात. आता जाऊन सांगू, की एका बटणासाठी?"

मी विचारलं, "कान्हांना?"

"कान्हाला मी सांगेन. नाहीतर नाही सांगणार. ते माझं मी बघेन."

"आणि तू?"

रिक्षा गेली. मग म्हणालीस, "मी सलग चार वेळा फोन केला होता, अप्पा."

एवढंच. आणि मग: "येत जा अधूनमधून. त्या देतील ते घ्यायचं. नाही म्हणायचं नाही."

मी 'बरं' म्हटलं.

त्यांनी दिलेली पिशवी घरी आणली. सुके बोंबील. तुझ्या आईने विचारलं, "सांगितलंत?" तिला मी बाविसाव्या तारखेचं पत्र टाकायच्या आधी वाचून दाखवलं होतं. मी नकारार्थी मान हलवली. तिने बोंबील भाजले, वर कांदा चिरला. मी दोन दिवस ते ताटात तसेच ठेवले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "उत्तरा काय म्हणाली? घ्यायचं ना?" मग खाल्ले.

मंडळाचं काम मी सोडलं आहे. प्रभाकररावांनी थांबा म्हटलं, पण मी चावी दिली. मशीनवर आता कुठली सिस्टिम ठेवणार, ते मी विचारलं नाही.

आवडाबाईंनी निघताना मला दोनदा बजावलं होतं, बोंबील कसे लागले ते कळवा. म्हणून सोबत वेगळा कागद जोडला आहे. तो त्यांना वाचून दाखव. तुला वाचताना जड जाईल हे मला कळतं. पण दुसरा वाचणारा त्या घरात कान्हा, आणि त्यांच्यापुढे हा कागद कसा जाऊ द्यायचा ते तूच ठरव.

अप्पा


श्रीमती आवडाबाई यांस,
सप्रेम जयभीम.

आपण दिलेले बोंबील उत्तम होते. खारटपणा बरोबर होता. शालनने भाजले आणि एक चुलीतून काढताना मोडला, तेवढा सोडून सगळे संपले. आपण मला परका समजत नाही, हे कळलं. बाळाला थंडीची टोपी पाठवत आहे, मोठी वाटली तर दोन महिन्यांनी बसेल.

त्या दिवसाबद्दल आपण माझे आभार मानलेत. ते मिळाले.

आपला,
उत्तराचा बाप
शिवराम सकपाळ